वायुजितचा एकतिसावा अंक

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१५

एक तारखेला संकल्प करणारे लोक चार तारखेला ढेपाळतात. म्हणून मी मुद्दाम सहा तारखेला करतोय. रोज सकाळी अर्धा तास भाषणाचा सराव. वादात आवाज चढवायचा नाही. आणि हरेश्वरला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर म्हणून द्यायचं नाही.

९ फेब्रुवारीला 'वायुजित वाचक मंडळ, मुंबई उपनगर' यांचं वार्षिक संमेलन. मुलुंड पूर्व, आमच्याच सोसायटीचा हॉल. वादाचा विषय: 'वायुजितचा शेवटचा अंक – थोर की उरकलेला?' थोर या बाजूने मी, शिवदास वाहुळे. उरकलेला या बाजूने हरेश्वर चिखले, वर्सोवा. वाद संपला की लगेच अध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार मी आणि हरेश्वर चिखले, वर्सोवा.

निकाल उघड आहे. आभाराचं भाषण आधी लिहून ठेवावं.

६.४५. सराव राहिला. डायरीतच अर्धा तास गेला. लिहिणं हाही सरावच.

८ जानेवारी, बुधवार

भाषणाची सुरुवात तयार. इथे उतरवून ठेवतो.

'मराठी कॉमिक, १९८६ ते १९९१. वायुजित! हवामान खात्यातला साधा कारकून. वारा त्याच्या मुठीत. पाठीवर केप नाही, उपरणं. शहरावर संकट आलं की आधी रजेचा अर्ज भरतो, मग उडतो. स्वतःच वारा फिरवत असल्यामुळे त्याने ऑफिसात दिलेला हवामानाचा अंदाज दर वेळी चुकतो आणि तो साहेबाची बोलणी खातो. मंडळी, जगातला दुसरा कोणता सुपरहिरो साहेबाची बोलणी खातो? नंतरच्या देशी सुपरहिरोंपैकी निम्म्यांनी यातूनच उचललं. उरलेल्या निम्म्यांनीही उचललं असतं तर बरे निघाले असते.'

चंपाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, गॅस बंद करा, दूध वर आलं. म्हणजे ऐकताना भान राहिलं नव्हतं तिला.

११ जानेवारी, शनिवार

एक किरकोळ बाब. शेवटचा अंक, म्हणजे ३१, माझ्या संग्रहात नाही. एक ते तीस आहेत, प्रत्येक प्लॅस्टिकमध्ये, मागे पुठ्ठा. एकतिसावा नाही.

वाचलेला नाही असं नाही. वाचल्याचं या क्षणी आठवत नाही, एवढंच. पण त्या अंकावर मी बत्तीस वर्षं बोलतोय. न वाचता माणूस इतकं बोलेल का?

१२ जानेवारी, रविवार

हरेश्वरने सकाळीच ग्रुपवर टाकलं की विसाव्या अंकानंतर वायुजितची वाट लागली. वर असंही लिहिलं, की बाराव्या अंकात पहाटे पश्चिमेचा वारा सोडून वायुजित बोटी किनाऱ्याला आणतो, ते बघून आमच्या कोळीवाड्यात लोक हसून आडवे झाले होते, पहाटे मतलई असते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, हे पाचवीच्या भूगोलात आहे.

याच्या घरची बोट आहे, बायको कमळ मासळी विकते, म्हणून वारा काय याच्या मालकीचा? अरे, वायुजित आहे तो! त्याने ठरवलं तर पहाटे पश्चिमेचा वाहील!

संकल्पाप्रमाणे उत्तर दिलं नाही. फक्त खुलासा केला. एकूण सतरा खुलासे झाले. शेवटच्या चारांत कॅपिटल अक्षरं आली, पण तो कीबोर्डचा दोष.

१५ जानेवारी, बुधवार

आठवलं! ऑफिसात चहा घेताना लख्ख आठवलं. एक्याण्णवचा मे महिना, वाशीम, मामाचं घर. मी सोळा वर्षांचा. माळ्यावर पालथा पडून वाचतोय. कव्हरवर दीपस्तंभ. काळं आभाळ. दीपस्तंभाच्या टोकावर वायुजित, उपरणं फडफडतंय.

इतकं स्पष्ट दिसतं म्हणजे वाचलाच. ग्रुपवर लगेच जाहीर केलं. पंधरा अंगठे आले. नंदकिशोरने (आमचा सेक्रेटरी, घाटकोपर) लिहिलं, वाहुळेसाहेब, आपण मंडळाचं धन आहात.

सराव: उद्यापासून नक्की.

१९ जानेवारी, रविवार

वाशीमला फोन केला. मामा म्हणाला, जयभीम, बोल. माळ्यावर माझा एक अंक राहिला असेल, बघशील का, म्हटलं. मामा म्हणाला, आपल्या घराला माळा कधी होता?

मामा आता एक्याऐंशीचा आहे. या वयात माळे विसरतात.

२२ जानेवारी, बुधवार

हरेश्वरचा फोन. शिवा, म्हणाला, तुझ्या कव्हरवर दीपस्तंभ कसा रे? माझ्या अंकाच्या कव्हरवर तर वायुजित उताणा पडलाय आणि वर प्रोफेसर काजळी हसतोय. (प्रोफेसर काजळी हा खलनायक. सगळ्या शहरावर धूर सोडतो.)

मी विचारलं, रंग कोणता? म्हणाला, निळा. मी म्हटलं, गडद की फिका? जरा थांबून म्हणाला, मधला.

मधला! पकडला! हरेश्वरने हा अंक वाचलेलाच नाही. बत्तीस वर्षं हा माणूस माझ्या तोंडावर, माझ्या घरी जेवून, न वाचलेल्या अंकावर वाद घालतोय. किती हा निर्लज्जपणा. मला तर त्याच्या वतीने कसंसंच झालं.

यापुढे त्याला दररोज एक प्रश्न. पानं किती होती? शेवटच्या चौकटीत कोण? स्टेपल एक की दोन?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर रद्दीवाले. मुलुंडचे तीन, भांडुपचे दोन, घाटकोपरचा एक. एकाकडे तिसावा अंक होता, एकाकडे बाविसावा, बिनकव्हरचा. एकतीस कुणाकडेच नाही.

नंदकिशोरला विचारलं. तो म्हणाला, मी वाचलाय ना, पण माझ्या प्रतीत पानंच नव्हती. किती नव्हती? म्हणाला, बरीचशी.

हरेश्वर दोन दिवस उत्तर देत नाहीये. माझा काल रात्रीचा प्रश्न होता: संपादकीयात किती परिच्छेद? निळ्या टिका पडल्यात. माणूस कोंडीत सापडला की असाच गप्प होतो.

चंपा म्हणाली, त्या बिचाऱ्याला का छळताय, एवढा जुना दोस्त तुमचा. मी म्हटलं, प्रश्न दोस्तीचा नाही, सत्याचा आहे. ती म्हणाली, बरं, मग सत्य आणताना कोथिंबीरही आणा.

३० जानेवारी, गुरुवार

चौथ्या अंकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात प्रकाशकाच्या घरचा पत्ता सापडला. बोरिवली! प्रकाशक वारले, पण मुलगी तिथेच राहते. अनुपमा राजाध्यक्ष, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. फोनवर म्हणाल्या, रविवारी या, चहाला.

त्यांच्याकडे एकतिसावा नक्की असणार. प्रत नाही मिळाली तर फोटो काढीन. मग हरेश्वरच्या नाकासमोर धरायचा, पान उलटायचं, काही बोलायचं नाही. फक्त बघायचं. आरशासमोर ते बघणं तीन वेळा करून पाहिलं. हा सराव धरायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मुलुंडहून बोरिवली म्हणजे परदेशच. दोन बस आणि एक रिक्षा. पोचलो तेव्हा शर्टाची इस्त्री घोडबंदरलाच राहिली होती.

बाई फार चांगल्या. चिवडा, चहा. मी विषय काढला. त्या हसल्या. म्हणाल्या, एकतिसावा अंक निघालाच नाही हो.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, शाळेत सांगतात तसं, हळू आणि स्पष्ट. अंक तीसच. वडिलांची नजर अधू झाली, चित्रकार लग्नपत्रिकांच्या कामाला लागले, प्रेस बंद पडला. एकतिसाव्याची नुसती जाहिरात तिसाव्याच्या मागच्या पानावर छापली होती. त्यांनी कपाटातून तिसावा अंक काढून उलटा केला. काळं आभाळ, दीपस्तंभ, टोकावर वायुजित, उपरणं फडफडतंय. खाली: लवकरच!

माझ्याही अंकावर ते असणार. पण माझा पुठ्ठ्याला लावून ठेवलाय. मागचं पान मी कित्येक वर्षांत बघितलेलंच नाही.

बाई म्हणाल्या, दर दोन-तीन वर्षांनी कुणाचा तरी फोन येतो, आणि प्रत्येकाने तो अंक वाचलेला असतो. एकाला तर त्यावर वडिलांची सहीसुद्धा मिळाली होती. वडील असते तर खूश झाले असते, त्या म्हणाल्या, न छापता एवढा खप!

मी चिवडा खात राहिलो. माळ्यावर पालथा पडलेला तो मुलगा मला अजून दिसत होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

झोप झाली, डोकं साफ झालं. ही तर सुवर्णसंधी आहे!

हरेश्वर म्हणतो अंक उरकलेला आहे. नसलेला अंक उरकलेला कसा असेल? रविवारी आधी त्याला भरपूर बोलू द्यायचं. निळा रंग, उताणा वायुजित, सगळं येऊ द्यायचं. मग मी उठणार आणि म्हणणार, मंडळी, पहिल्या रांगेत बसल्या आहेत प्रकाशकांच्या कन्या. त्यांनाच विचारू. बस. खेळ खल्लास.

बाईंना फोन करून आमंत्रण दिलं. आनंदाने येते म्हणाल्या. कशासाठी ते सांगितलं नाही. साक्षीदार ताजा हवा.

मीही वाचला म्हणालो होतो, असं कुणी म्हणेल. माझं वेगळं आहे. मी अंदाजाने वाचला होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

चंपाला प्लॅन सांगितला. ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, म्हणजे दोघंही थापा मारत होता, आणि चव्हाट्यावर उभा राहणार एकटा हरेश्वर? फोन करा त्याला. सांगा, बाबा रे, अंकच नाही, दोघंही सुटलो. हसाल दोघं आणि मोकळे व्हाल.

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. फोन हातात घेतलाही. पण बॅटरी एकोणतीस टक्के होती. असल्या नाजूक विषयावर बोलताना मध्येच फोन गेला तर गैरसमज होतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

चार्ज फुल. पण शनिवारी संध्याकाळी हरेश्वर बोटीच्या कामात असतो. त्रास कशाला द्यायचा.

आभाराचं भाषण पाठ. त्यात हरेश्वरबद्दल दोन चांगली वाक्यं घातली. मोठेपणा आपल्याकडूनच सुरू व्हावा.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.०५

आज. पांढरा शर्ट. आवाज चढवायचा नाही, पाणी सोबत ठेवायचं, विजयानंतर हसायचं ते सौम्य.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला गेलो नाही. पोट बरं नाही, असं कळवलं. पोट ठीक आहे.

झालं ते क्रमाने लिहितो. लिहिल्यावर इतकं वाईट वाटणार नाही.

माझ्यासकट एकोणचाळीस सदस्य आले. अनुपमाबाई पहिल्या रांगेत, पिवळी साडी. चंपा मागे, समोशांजवळ. चिठ्ठी टाकली, पहिलं भाषण हरेश्वरचं निघालं. म्हणजे माझ्याच प्लॅनप्रमाणे.

हरेश्वर उठला. हातात कागद नाही. म्हणाला, मंडळी, मी हा अंक वाचलेला नाही.



तो म्हणाला, त्र्याण्णव साली वायुजितचे अंक शोधत मी वर्सोव्याहून घाटकोपरला एका रद्दीवाल्याकडे आलो. तिथे हा शिवा. एकच अंक दोघांनी धरला, एका बाजूने मी, एका बाजूने हा. सोडेना कुणीच. मग हा मला म्हणाला, शेवटचा अंक वाचलायस का? तोपर्यंत मला वायुजितवर बोलायला एक माणूस भेटला नव्हता. घरी सगळे हसायचे. मला वाटलं, नाही म्हटलं तर हा परत आपल्याशी बोलणार नाही. म्हणून म्हटलं, वाचलाय ना, मग! तेव्हापासून वाचतोच आहे. दर वर्षी थोडा थोडा.

लोक हसले. तोही हसला. मग म्हणाला, गेला महिनाभर हा मला कव्हरचा रंग विचारतोय, स्टेपल विचारतोय. आता नाही जमत यार. पन्नाशी झाली. शिवा, सॉरी. अंक थोर असेल तर थोर. वाचलायस तू.

आणि बसला. टाळ्या थांबेनात. दोघं-तिघं तर उभे राहिले.

आता माझी परिस्थिती बघा. मी खोटं उघडं पाडायला आलो होतो आणि समोर खोटंच शिल्लक नाही. त्याने सगळं साफ करून ठेवलं. माझ्या खिशातले चारही कागद रद्दी.

नंदकिशोर माइकवर गेला. म्हणाला, माझी प्रत तर धरायचीच नाही, तेव्हा अख्ख्या उपनगरात हा अंक वाचलेला एकच माणूस उरला. वाहुळेसाहेब!

सगळ्या माना वळल्या. हरेश्वर माझ्याकडे बघत होता, दिवाळीला फटाक्यांकडे बघतात तसा.

मी 'नाही' म्हणायलाच उठलो होतो. हे इथे स्पष्ट नोंदवतो. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, 'पहिल्या पानावर दीपस्तंभ आहे.'

मग थांबताच येईना. सांगितलं, की वायुजितची बदली दूरच्या एका दीपस्तंभावर होते, वाऱ्याची नोंद ठेवायला. सोबतीला एक म्हातारा राखणदार. इकडे काजळीने शहर धुराने भरून टाकलंय. तो सगळा धूर उडवायचा तर छातीतला शेवटचा वारासुद्धा द्यावा लागेल, मग परत कधी उडता येणार नाही. वायुजित रजेचा अर्ज भरतो. रजा नामंजूर. आयुष्यात पहिल्यांदा तो बिनरजेचा निघतो. टोकावर चढतो, उपरणं काढून राखणदाराच्या हातात देतो आणि फुंकतो. सात पानं नुसता वारा, एक शब्द नाही. शहर स्वच्छ. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात येऊन टेबलावर बसतो, बिनवाऱ्याचा, साधा माणूस. अंदाज लिहितो: उद्या दुपारी हलका पाऊस. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हलका पाऊस पडतो. त्याचा पहिला खरा ठरलेला अंदाज. साहेब वर बघून म्हणतो, जमलं की रे तुला.

अकरा मिनिटं बोललो. आवाज चढला नाही. नंदकिशोर डोळे पुसत होता. चंपासुद्धा समोसा हातात धरून उभी होती. असंच होतं त्या अंकात. असंच असणार.

मग पहिल्या रांगेत एक हात वर झाला. पिवळी साडी.

मी त्यांना विसरलो होतो. मीच बोलावलेलं, मीच खुर्ची दाखवलेली, आणि पार विसरलो होतो.

त्या उठल्या आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, फारच सुंदर सांगितलंत हो, पण अहो वाहुळे, असा अंक निघालाच नाही. मागच्या रविवारी घरी आला होतात तेव्हा मी दोनदा सांगितलं ना तुम्हाला? तुम्ही चिवडा खात होतात, कदाचित नीट ऐकू आलं नसेल.

पुढचं मला तुटक आठवतं. मी पाणी प्यायलो. बाटली रिकामी होती, तरी प्यायलो.

निवडणूक झाली. हरेश्वर सदतीस, मी दोन. एक माझं. दुसरं कुणाचं ते कळायला मार्ग नाही. चंपा मंडळाची सदस्य नाही, आणि असती तरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी १०.४० ला ग्रुप सोडला. तत्त्वाचा प्रश्न होता. १०.५५ ला परत आलो. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नव्या कार्यकारिणीची यादी आली. माझं नाव आहे. चहापान समिती. समितीत मी एकटाच आहे, म्हणजे तिथे तरी अध्यक्ष मीच.

संकल्प: हरेश्वरशी बोलायचं नाही. त्याने पूर्वकल्पना न देता खरं बोलायला नको होतं. दोस्तीत असं करत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

हरेश्वर आला. न सांगता. कमळवहिनींनी बोंबील दिले होते. चंपाने लगेच तळायला घेतले, म्हणजे घरातही फितुरी.

मी पेपर वाचत राहिलो. तो समोर बसून राहिला. बोंबील संपले, चहा झाला, तरी आठवड्याभरातल्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही. मी मनात तीन उत्तरं तयार ठेवली होती, तिन्ही वाया.

शेवटी चपला घालता घालता म्हणाला, शिवा, एक विचारू? आठ दिवस डोक्यात आहे. त्या म्हाताऱ्या राखणदाराला शेवटपर्यंत कळतं का रे, की उपरणं कुणाचं होतं? की त्याला वाटतं, असंच कुणी कारकून विसरून गेला?

मी त्याच्याकडे बघितलं. थट्टा करत नव्हता. खरंच विचारत होता.

मी म्हटलं, वाचून चौतीस वर्षं झाली रे. नीट आठवत नाही.

तो म्हणाला, हां, तेही खरं. मान हलवून दोन पायऱ्या उतरला, परत वळला. म्हणाला, थांब, मी घरी बघतो. माळ्यावर कुठेतरी माझी प्रत असेल.

गेला.

त्याच्याकडे प्रत नाहीये. मला पक्कं माहीत आहे.

सापडली तर झेरॉक्स मागून घेईन.